सुकरामच्या हातातली बाटली

सुकराम गेल्याची बातमी मला वीज कार्यालयाच्या रांगेत मिळाली. बिलावर माझं नाव चुकलेलं, ते दुरुस्त करायला चौथी खेप. खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला, आणि तेवढ्यात सुकरामच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले जी. जेवून आडवे झाले, उठवाले गेली तं..." मी रांगेतून बाहेर पडलो. मागच्याने लगेच विचारलं, "नंबर सोडून राहिले का?" होय बाबा, सोडला.

महिना झाला. राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा सुकरामवरच आहे.

आंधळगावच्या पलीकडे आमचं लहानसं गाव. तो ढीवर, तलावात जाळं टाकणारा. मी धानाची शेती आणि खताचं दुकान सांभाळणारा. चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलो. त्याचा स्वभाव असा की समोरच्याला वैताग यावा. बस दोन तास उशिरा आली तर म्हणणार, "आली ना!" जन्मभर पाण्यात राहून बोटांच्या रेषा झिजल्या, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना, तीनदा रिकाम्या हाताने परत आला. "माशाईनं खाल्ला अंगठा," म्हणून हसला. मीच तिथे टेबल ठोकून भांडायचो, आणि हा मागे उभा राहून मला शांत करायचा... जणू चूक माझीच.

मागच्या वर्षी ऐन रोवणीच्या दिवसांत आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. पावसाने दडी मारलेली, परे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडत चाललेले. विहिरीत पाणी होतं, पण मोटर चालवायला वीज नव्हती. अर्ज दिला. दुसरा अर्ज दिला. पहिले दोन सापडत नाहीत म्हणून तिसरा दिला. सतरा दिवस! शेवटी गावची शंभरेक माणसं कार्यालयावर गेली. सुकरामला ना धानाची बांधी ना मोटर. मी "चाल" म्हटलं म्हणून माझ्या गाडीवर मागे बसून आला.

दोन तास घोषणा झाल्या. साहेबाने आतून दार लावून घेतलं. कोणीतरी खिडकीची काच फोडली, आणि मी पिशवीत हात घातला. पिशवीत पेट्रोलची बाटली होती. घरून निघताना कोणाला न सांगता भरून घेतली होती. कोणावर ओतणार होतो, दारावर, साहेबावर की स्वतःवर... आजही धड सांगता येत नाही. दोन मुलींचा बाप, गावात चार माणसं नमस्कार करतात, आणि हातात ते. सुकरामने माझं मनगट धरलं. जाळं ओढणारा हात, सुटला नाही.

"काय करून राहिला बे?"

"सोड. आज निकालच लागू दे."

"निकाल तुया पोरीचा लागन. आन इकडे."

बाटली काढून घेऊन तो गर्दीतून सरळ फाटकाबाहेर गेला आणि माझ्या गाडीच्या टाकीत ओतली. परत येऊन म्हणाला, "घरी जाले पुरन." मग त्यानेच दार वाजवून साहेबाला बाहेर बोलावलं. साहेब माझ्या पुतण्याच्या वयाचा. वरिष्ठांना पाठवलेली चार पत्रं त्याने आम्हाला दाखवली. म्हणजे तोही अर्जच करत होता! डीपी आठ दिवसांनी आली. तोवर निम्मे परे गेले होते.

मग तो व्हिडिओ आला. कोणीतरी मोबाइलवर काढलेला, काही सेकंदांचा. सुकराम पेट्रोलची बाटली घेऊन गर्दीतून चालला आहे, एवढंच. टाकीत ओतायच्या आधीच संपतो. पोलिसांनी त्याचं नाव लिहिलं. शंभर माणसं होती, पण खरं सांगायला एकही पुढे आला नाही. जो तो आपलं नाव वाचवत होता. मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं, मी सांगतो. आयुष्यात एकदाच तो माझ्यावर चिडला. "तू गेला तं दुकान जाईन, पोरीचं लगन मोडन. मायं काय मोडते? तारखेले जाईन, येईन." आणि मी ऐकलं. एरवी त्याचं कधी काही न ऐकणारा मी... किती चटकन ऐकलं!

वर्षभर तो तारखांना जात राहिला. मी गाडीवर सोडतो म्हणायचो, तर हा बसनेच जायचा. "तुले तिथं कोणी पायलं तं?"

मागच्या आठवड्यात त्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन मीच कोर्टात गेलो. त्याच्या नावाचा पुकारा झाला, मी उभा राहिलो. "आपण कोण?" "मित्र," मी म्हणालो. तिथेही एवढंच.

तिथून तडक त्याच्या घरी गेलो. कौसल्यावहिनी, त्याची बायको, तांदूळ निवडत होत्या. "वहिनी, ती बाटली माझी होती."

त्यांनी मान वर केली नाही. "मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं."

दर तारखेनंतर मी त्या घरी जायचो, आणि दर वेळी त्या मला चहा द्यायच्या. "मंग बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"तुमी कधी बोलता, थे पाहून राहिली होती."

त्या चहा ठेवायला उठल्या. दाराजवळच्या खाटेवर सुकराम दुपारी पाय पसरून पडायचा. तिच्यावरची चादर अजून तशीच, एका बाजूला सरकलेली. "बसा," त्या म्हणाल्या. मला त्या खाटेवर बसवेना. चहा उभ्यानेच घेतला.