आर्लोची पितळी दांडी

चर्चच्या वेदीवर घालायचं पांढरं कापड अर्धं इस्त्री करून झालं होतं. उरलेलं अर्धं पाणी शिंपडून गुंडाळून ठेवलं होतं. तेवढ्यात आर्लो काखेत पुठ्ठ्याचा भलामोठा तुकडा मारून स्वयंपाकघरात शिरला आणि म्हणाला, "नोला, टेबल मोकळं कर. आज सोक्षमोक्ष लावायचाय."

आर्लो माझा थोरला दीर. लग्न केलं नाही. अंगणापलीकडच्या जुन्या घरात एकटा राहतो आणि दुपारी बाराच्या ठोक्याला आमच्याकडे जेवायला येतो. मी लग्न होऊन या शेतावर आले तेव्हापासून, म्हणजे एकतीस वर्षं, यात कधी खंड पडला नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं त्यानेच केलं, आम्हाला फार काही करू दिलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने गायी विकल्या. आयोवातले आमच्या ओळखीचे लोक त्या वयात हिवाळ्यापुरते फ्लोरिडात जाऊन बसतात. याने यंत्रांच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. पंख झाले, कापड चढलं, रंग झाला, इंजिनही बसलं. राहिलं होतं एवढंच, की इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा तो कशाने. समोरच्या पॅनेलमधून बाहेर आलेली मूठ आतबाहेर करून, की डाव्या हाताशी भिंतीवर बसवलेली दांडी मागेपुढे करून.

यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण त्या हिवाळ्यात या एका गोष्टीने आर्लोला बसू दिलं नाही. जेवताना तो घास हातात धरून थांबायचा. साखर न घालता कॉफी ढवळत राहायचा. सामानाच्या जाडजूड पुस्तकांतली पानं कापून आमच्या फ्रिजवर लावून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन काढायचा. गोठ्यातले जाड हातमोजे घालून माझ्या कपाटाच्या मुठी चाचपून बघायचा. जानेवारीत आकाशात बोटं गारठली तर कुठली मूठ इंजिनाच्या वेगाची आणि कुठली पेट्रोल तोडणारी हे नुसत्या स्पर्शाने कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एक गोल, एक दातेरी, एक चौकोनी. माझा नवरा वेन्डेल म्हणाला, एवढा विचार करून बायको निवडली असतीस तर आज नातवंडं असती. आर्लो हसला नाही, कारण तो पुन्हा कपाटाकडे बघत होता.

तर त्या दिवशी पुठ्ठ्याचं पॅनेल टेबलाला टेकून उभं राहिलं. समोर खुर्ची. आणि खुर्चीच्या डाव्या अंगाला लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेली एक पितळी दांडी. ती बघून मी इस्त्री खाली ठेवली.

ती सासऱ्यांच्या जुन्या ट्रॅक्टरची वेगाची दांडी होती. ट्रॅक्टर केव्हाच भंगारात गेला, पण आर्लोने ती काढून ठेवली होती. चांगली घासूनपुसून चकचकीत केलेली, टोकाला अक्रोडाच्या लाकडाची नवी मूठ. सात वर्षांचा असताना सासऱ्यांच्या मांडीवर बसून त्याने हीच दांडी धरली होती, त्याच्या हातावर सासऱ्यांचा हात. हे त्याने मला यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता सांगितलं.

मग म्हणाला, "मी डोळे मिटतो. तू मध्येच कधी 'वेग' म्हण, कधी 'थांब' म्हण."

मी म्हणत गेले. विमानात दांडी पुढे ढकलली की वेग वाढतो, मागे ओढली की कमी होतो. वीसएक वेळा झालं, एकदाही चुकला नाही. तो इतका खुशीत होता की मीही खेळात रमले आणि इस्त्री कापडावर पालथी राहिली आहे हे विसरूनच गेले. करपल्याचा वास आला तशी मी ओरडले, "बंद कर, बंद कर ती!" इस्त्रीचं बटण त्याच्या मागच्या भिंतीवर होतं. आर्लो दचकला. उठता उठता त्याच्या डाव्या हाताने दांडी धाडकन पुढे, अगदी शेवटपर्यंत ढकलली. मग त्याने बटण बंद केलं.

कापडावर बदामी रंगाचा डाग पडला. आर्लो हळहळला, नवं कापड आणून देतो म्हणाला. आपल्या हाताने काय केलं ते त्याला कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. मीही त्या ट्रॅक्टरवर दोन उन्हाळे गवत कापलंय. त्या ट्रॅक्टरची दांडी आपल्याकडे ओढली की वेग वाढायचा आणि पुढे ढकलली की इंजिन मंद व्हायचं. विमानाच्या नेमकं उलट. घाबरल्यावर आर्लोचा हात सासऱ्यांच्या ट्रॅक्टरवर गेला होता.

मी बोलले नाही. नऊ दिवस बोलले नाही. भांडी घासताना ठरवायची, आज सांगायचं. बारा वाजता तो यायचा, अक्रोडाच्या मुठीला तेल कसं लावलं ते सांगायचा, आणि माझं राहायचं. वहीत लिहिलं आणि खोडलं. हा एक योगायोग असेल, इस्त्रीमुळे झालं असेल, असं स्वतःला समजावलं. रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली म्हणताना करायच्या राहून गेलेल्या गोष्टींपाशी आलो, तेव्हा माझी जीभ अडखळली. शेजारी आर्लो ठणठणीत आवाजात म्हणत होता. देवाला सगळं ठाऊक असतं, पण तो काही शेडमध्ये जाऊन आर्लोला सांगणार नव्हता. ते माझं काम होतं आणि मी ते टाळत होते. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी असंही होतं, की हे विमान शेडमध्येच राहिलं तर बरं.

शेवटी शुक्रवारी सांगितलं, कारण शनिवारी बर्नीस येणार होती. बर्नीस कोवारिक म्हणजे पलीकडच्या तालुक्यातली, बहात्तर वर्षांची, पूर्वी पिकांवर विमानाने औषध फवारायची. आर्लोला उडायला तिनेच शिकवलं, तिच्या स्वतःच्या जुन्या विमानात. त्या विमानात मूठ आहे. शनिवारी तिच्या देखत तो आमच्या गवताच्या पट्ट्यावर विमान नुसतं जमिनीवर पळवून बघणार होता आणि सगळं ठीक झालं तर पुढच्या आठवड्यात उडणार होता.

 माझं ऐकून आर्लोने डोळे मिटून हवेतच डावा हात दहा वेळा बरोबर हलवून दाखवला. म्हणाला, चाळीस तास उडालोय मी, एकदा तरी चुकलो का, विचार बर्नीसला. मी म्हटलं, तिथे मूठ होती, दांडी नव्हती. तो टोपी घालून निघून गेला. जेवण अर्धंच झालं होतं.

शनिवारी सकाळी वारा नव्हता. बर्नीस, वेन्डेल आणि मी कुंपणापाशी उभे होतो. आर्लो एकदा टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. छान, सावकाश. दुसऱ्यांदा जरा वेगाने निघाला. शेपूट उचललं गेलं. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते, शब्दही धड लागत नव्हते. तेवढ्यात नाल्यातून पाचसहा रानटर्की पट्ट्यावर आल्या, विमानाच्या समोर.

इंजिन थांबायला हवं होतं. ते गरजलं. विमान उसळी मारून सीडरच्या झाडांकडे सुटलं. वेन्डेल धावला, त्याने धावून काय होणार होतं कोण जाणे. मग एकाएकी सगळं गप्प झालं. आर्लोने किल्ली फिरवून इंजिनच बंद पाडलं होतं. विमान तारेचं कुंपण मोडून झाडांच्या दोन हात अलीकडे थांबलं. टर्की आधीच उडून गेल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा आर्लो आतच बसून होता. डावा हात दांडीवर. दांडी पूर्ण पुढे.

बर्नीसने आधी चाकं बघितली, पंखा बघितला. मग म्हणाली, "किल्ली आठवली हे नशीब. बाकी नांगरणी झकास झाली."

तो म्हणाला, "मी बंद केलं होतं, बर्नीस. मी बंदच केलं होतं."

"ट्रॅक्टर बंद केलास तू," ती म्हणाली.

दोन दिवस तो जेवायला आला नाही. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी ताट झाकून पाठवलं तर वेन्डेल रिकामं ताट घेऊन परत आला, पण बोलणं काही झालं नाही म्हणाला. खिडकीतून दिसायचं, आर्लो शेडमधून घरात, घरातून शेडमध्ये. हातात काही नसायचं. माझं कामात लक्ष लागेना. ओट्यावरचे रुबार्बचे आंबट देठ चिरायचे तसेच पडून होते. नऊ दिवस आधी सांगितलं असतं तर, एवढंच डोक्यात.

सोमवारी बाराला तो आला. ठरल्या जागी बसला, वेन्डेलने प्रार्थना म्हटली, बटाट्यांचं भांडं फिरलं. आणि मग बोलायला लागला तो थांबेना. त्याने एक तोड काढली होती. विमान त्याने स्वतः बांधलंय, त्यामुळे दांडी उलटी बसवायला त्याला कुणाची आडकाठी नाही. ओढली की वेग, ढकलली की थांब, जसं हाताला येतं तसं. कागदावर काढूनही आणलं होतं. वेन्डेल कागद बघून म्हणाला, जमेल की. मीही मान हलवणार होते. दांडी राहिली असती, दिराचं मन राहिलं असतं.

पण मी नऊ दिवस गप्प बसले होते. म्हणून विचारलं, "आणि बर्नीसच्या विमानात बसशील तेव्हा? तुझ्या शेजारी बर्नीस बसेल तेव्हा?"

आर्लोने काटा खाली ठेवला. 

"तिचा हात तिच्या सवयीने जाईल," तो म्हणाला.

"हो."

"मग माझ्याऐवजी ती झाडात जाईल."

 त्याने डावा हात टेबलावर पसरला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघितला. म्हणाला, "एवढी वर्षं वाटायचं, बाबांचा हात वरून उचलला गेला. तो अजून तिथेच आहे, नोला."

 मी त्याला आणखी बटाटे वाढले आणि त्याने ते खाल्ले.

संध्याकाळी शेडमध्ये गेले तर दांडी काढलेली होती. विमानाच्या डाव्या भिंतीला चार भोकं उरली होती. पॅनेलवर मधोमध त्याने पेन्सिलीने गोल काढला होता, पुसून पुन्हा अर्धा इंच उजवीकडे काढला होता, पुन्हा पुसला होता. मी विचारलं, आता तरी ठरलं ना. तो म्हणाला, मूठ ठरली, जागा ठरायचीय. शिवाय बर्नीसने फोनवर बजावलंय, की तिच्या विमानात आणखी दहा तास उडाल्याशिवाय स्वतःच्या विमानाला हात लावायचा नाही, आणि त्या दहा तासांत ती त्याला हवं तेव्हा, हवं तसं घाबरवणार. आपण घाबरू ते चालेल, हात काय करेल कोण जाणे, असं म्हणून तो पुन्हा पेन्सिल शोधायला लागला. ती त्याच्या कानावरच होती.

उद्या सकाळी नऊला तो बर्नीसकडे जाणार आहे, तिच्याकडची जुनी केबल आणि गोल मूठ आणायला.