साहेब येणार म्हणून उपसलेली विहीर

ही गोष्ट सांगायचं मी वीसएक वर्षं टाळलं. आप्पा केस का हरले, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. "कंपनी मोठी, वकील मुंबईचे, आपल्यासारख्यांचं तिथं कोण ऐकतंय?" समोरचा लगेच मान हलवायचा. या उत्तराची सोय अशी की त्यापुढे कुणी काही विचारत नाही. कंपनी मोठी होती, वकीलही मुंबईचे होते. पण आप्पा त्यामुळे हरले नाहीत. ते माझ्यामुळे हरले.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. निवृत्तीनंतर शिरूरला राहायला आलो, पण नोकरीची सगळी वर्षं दौंड तालुक्यात, यवत आणि वरवंडच्या मधल्या आमच्या गावातच गेली. गावात कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे यायचा. माझं अक्षर चांगलं होतं आणि ते चांगलं आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

आप्पांची वस्ती रस्त्याच्या खालच्या अंगाला. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडलेले. वडील या जागी थांबले आणि थांबल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते विहीर पाडायचं. घर मागाहून बांधलं. आप्पांच्या हातात सगळं आलं तेव्हा ऊस होता, कांदा होता आणि वीस-पंचवीस मेंढरं होती. ती त्यांनी का ठेवली होती ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

नव्वदनंतर कधीतरी रस्त्याच्या वरच्या अंगाला एका तेल कंपनीचा डेपो झाला. टँकर यायचे, भरायचे, धुतले जायचे. धुतलेलं पाणी मागच्या बाजूला एका खड्ड्यात सोडायचे. खड्डा साधा, मातीचा. तीन-चार वर्षं कुणाला काही कळलं नाही. मग एका उन्हाळ्यात आप्पांच्या मेंढरांनी विहिरीच्या डोणीतलं पाणी प्यायचं सोडलं. डोणीपाशी यायची, तोंड खाली घालायची आणि फुरफुरून मागं सरायची.

"मेंढरू तोंड लावीत न्हाई म्हंजी पान्यात कायतरी हाय," आप्पा मला म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या घरात भाकरीला डिझेलचा वास यायला लागला. कांद्याचं रोप शेंड्याकडून जळालं. विहिरीत वाकून बघितलं की पाण्यावर तेलाची साय दिसायची आणि पाणी खाली गेलं की दगडांवर काळा पट्टा राहायचा.

आम्ही दोघं आधी डेपोच्या मॅनेजरकडे गेलो. तो चांगला वागला, चहा दिला. म्हणाला, "आबा, तुमच्याच मोटारीचं तेल गळत असेल. इंजिन तपासून घ्या एकदा."

आप्पा म्हणाले, "सायेब, आमची मोटर इजंवर चालती. इजंला डिझेल लागतं व्हय?"

तिथून जी पायपीट सुरू झाली तिची आठवण आली की आजही डोकं उठतं. पुण्याच्या एका ऑफिसात विचारलं, पाणी पिण्याचं की शेतीचं? आप्पा म्हणाले, दोन्हीचं. "मग दोन अर्ज करा, दोन टेबलं आहेत." दोन अर्ज केले. पहिल्या टेबलानं सांगितलं, पिण्याच्या पाण्याचं ग्रामपंचायत बघते. दुसऱ्यानं सांगितलं, विहिरीची नोंद असलेला सातबारा आणा. सातबारा काढला तर त्यावर विहीरच नव्हती. जी विहीर पाडून हे घराणं एका जागी बसलं, ती चाळीस वर्षांत कुणी कागदावर चढवलीच नव्हती. कंपनीच्या माणसाला हे कुठून तरी कळलं आणि तो हसत म्हणाला, "विहीरच नाही तर पाणी कशातलं खराब झालं?" ती नोंद लावून घ्यायला आठ महिने लागले. तलाठी भेटला तर रजिस्टर नसायचं, रजिस्टर असलं तर तलाठी मीटिंगला गेलेला असायचा.

शेवटी दौंडच्या कोर्टात दावा लावला. अर्ज, पुरावे, नकला, सगळं मी लिहिलं. आमच्या वकिलांचा हात दुखायचा, असं ते म्हणायचे. दीड वर्ष तारखा पडल्या. मग एकदाचा हुकूम झाला, की कोर्टानं नेमलेले कमिशनर आणि प्रदूषण खात्याचे अधिकारी दोन्ही बाजूंसमोर विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतील. नोटीस मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांच्या मालकीणबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही भरून आलं. कारण सगळं या नमुन्यावर होतं. बाटलीत तेल निघालं की कंपनीला पळायला जागा नव्हती.

साहेब येणार! हे दोन शब्द ऐकले की माझ्यासारख्या मास्तराचं काय होतं ते सांगायला पाहिजे. शाळेची तपासणी आली की आम्ही आठ दिवस आधी कामाला लागायचो. भिंतींना चुना, अंगण सारवायचं, पोरांची नखं कापायची, दारात रांगोळी. तीस वर्षं मी हेच केलं होतं. साहेब येणार म्हणजे झाडून पुसून ठेवायचं, यापलीकडे माझं डोकं कधी गेलंच नाही.

नमुन्याच्या तीन दिवस आधी मी विहिरीवर गेलो. आत पालापाचोळा, शेवाळ, दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या, एक फुटकी बादली.

"आप्पा, ही अशी विहीर साहेबांना दाखवायची?" मी म्हणालो. "उपसून घ्या. दगडही घासून घ्या."

आप्पांनी विहिरीत वाकून बघितलं. "आवो गुरुजी, पन आपल्याला घानच दाखवायचीय न्हवं?"

इथं थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मला कुणी उलट विचारलेलं खपत नसे. मी म्हणालो, "तसं नसतं ते. पाला कुजून वास येतोय असं कंपनीचा वकील म्हणेल. निव्वळ तेल दिसायला पाहिजे, दुसरं काही नको. तुम्हाला कोर्टातलं कळतं का मला?"

"तुम्ही म्हंता म्हंजी तसंच," आप्पा म्हणाले.

दोन दिवस मोटार चालू होती. पाणी ओढ्याला सोडलं. तळ लागल्यावर आप्पांचे दोघे भाऊ दोरानं खाली उतरले, गाळ पाट्यांनी वर काढला आणि काथ्यानं, साबणाच्या चुऱ्यानं दगड घासले. वरून मी सांगत होतो, "त्या कोपऱ्यात राहिलंय बघा." धाकटा भाऊ खालून ओरडला, "गुरुजी, तुमच्या घरची भांडी बी आणा, घासून टाकतो!" सगळे हसले. मीही हसलो. विहीर इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती.

तेल पाण्यावर तरंगतं, उपशाबरोबर तेही गेलं. झऱ्यातून नवं पाणी आधी येतं आणि मातीत मुरलेलं तेल त्यामागून हळूहळू झिरपत येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चौथीच्या पोरांना मी ‘तेल पाण्यापेक्षा हलके असते’ हे दरवर्षी शिकवत होतो.

नमुन्याच्या दिवशी दोन जीपा आल्या. अधिकारी, कमिशनर, कंपनीचा मुंबईचा वकील, डेपोचा मॅनेजर. आप्पांच्या घरी सडा, रांगोळी, शेजारच्या वस्तीवरून आणलेल्या पाण्याचा चहा. साहेब विहिरीच्या काठावर आले. खाली पुरुषभर पाणी, आणि त्यातून तळाचा दगड दिसत होता.

वकील वाकून बघत म्हणाला, "वा! फार छान ठेवली आहे विहीर."

मी पाण्यावर तेलाची साय शोधू लागलो, ती कुठंच दिसेना. आप्पांचा मात्र अजून मेंढरांवर भरवसा होता. त्यांनी साहेबांना हात जोडले. "सायेब, बाटलीचं र्‍हाऊ द्या. जनावर खोटं बोलत न्हाई, तुमी बगाच." त्यांनी डोण भरली आणि सकाळपासून तहानलेली ठेवलेली मेंढरं सोडली. मेंढरं आली, त्यांनी तोंड घातलं आणि घटाघटा पाणी प्यायला लागली. एकमेकींना ढकलून पीत होती. आप्पा एकीला कानाला धरून मागं ओढत म्हणाले, "आगं, का गं? आजच का?"

"आबा," मुंबईचा वकील म्हणाला, "तुमचे साक्षीदार फुटले."

मॅनेजर खो खो हसला. अधिकारीही हसले. आप्पा तसेच मेंढीचा कान धरून उभे.

बाटल्या भरल्या, लाख लावली. मग पंचनामा. माझं अक्षर कुणीतरी सुचवलं, म्हणून कमिशनरांनी कागद माझ्याकडेच दिला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. एका वाक्यावर ते थांबले. "नमुन्यापूर्वी विहिरीत काही फेरफार, उपसा वगैरे केलाय का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी उत्तर द्यायचं होतं, पण ते माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर साहेब एवढंच म्हणाले असते, की मग पंधरा दिवसांनी येतो. पण सगळ्यांसमोर हो म्हणायचं, मग कुणी सांगितलं असं विचारणार, मग मी. मी म्हणालो, "नाही." आणि माझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘नमुना घेण्यापूर्वी विहिरीत कोणताही उपसा अथवा फेरफार करण्यात आलेला नाही.’ खाली पंच म्हणून सही केली.

पाचव्या दिवशी विहिरीवर तेलाची साय परत आली. अहवाल आला तो असा, की पाणी ठीक आहे.

त्यानंतरची वर्षं तारखांत गेली. आज जज रजेवर, उद्या कंपनीचा वकील आजारी, परवा फाईल सापडत नाही. आप्पा प्रत्येक तारखेला दौंडला जायचे, डबा बांधून. मी बहुतेक तारखांना जायचो. आमचे वकील एकदा वैतागून म्हणाले, "गुरुजी, मला हे काही झेपत नाही. इतकं तेल असलेल्या विहिरीत नमुना स्वच्छ कसा? कुणी उपसली होती का? खरं सांगा. असेल तर प्रतिज्ञापत्र करू, दुसरा नमुना मागू. जज देतील."

दुसरा नमुना! मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, "मला तरी माहीत नाही." नोकरी जाईल, खोटा पंचनामा केला म्हणून गुन्हा होईल, असं मी स्वतःला सांगत होतो. ती भीती होतीच. पण मोठी भीती वेगळी होती. ज्या गुरुजींना विचारल्याशिवाय गावात कागद हलत नाही, त्याच गुरुजींनी केस घालवली असं गाव म्हणेल, ते मला सोसणार नव्हतं.

आप्पा स्वतः सांगू शकत होते. साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभं करून मुंबईच्या वकिलानं त्यांना पंचनामा वाचून दाखवला. "हे खरं आहे का, आबा?" मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला अजून आठवतं, मी मनातल्या मनात त्यांच्यावर ओरडत होतो. सांगा ना! काय अडलंय तुमचं? सांगा, की याच माणसानं उपसायला लावली! आप्पांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजींनी लिव्हलंय म्हंजी खरंच आसंल."

दावा फेटाळला गेला. पुण्यात अपील केलं, ते तिथं चार वर्षं पडून राहिलं आणि तेही गेलं. डेपो पुढे दुसरीकडे हलवला. आप्पांनी ती विहीर मातीनं बुजवली. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर महिनाभर ट्रॅक्टर माती टाकत होता आणि त्या महिन्यात मी शिरूरला घर बघायला लागलो.

शिरूरहून मी तीन वेळा आप्पांकडे गेलो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी, तिथून पुढे मिळेल ते. पहिल्या वेळी घरात पाहुणे होते, मुलीच्या सोयरिकीचे. आप्पांनी माझी ओळख करून दिली, "माज्या पान्यासाठी ह्या मानसानं जिवाचं रान केलं." पाहुण्यांनी उठून नमस्कार केला. मी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या वेळी ते नव्या बोअरवर होते. पाणी दाखवलं, प्यायला लावलं. त्या वेळी आम्ही दोघंच होतो, वेळही होता. मी कांद्याविषयी बोललो.

तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. काही सांगायचं तर ओरडावं लागे. ओट्यावर सुना धान्य निवडत होत्या, दोघे भाऊ दारात बसले होते. लिहून द्यावं तर आप्पांना वाचता येत नव्हतं, कागद सूनच वाचणार. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "आप्पा, मला एक सांगायचंय."

"काय म्हनला?"

"म्हटलं, पाणी पुरतं का आता?" मी ओरडलो.

"पुरतं की! तुमची किरपा," आप्पा म्हणाले.

त्या वर्षी थंडीत ते गेले. दहाव्याला भावानं माझा हात धरून पुढे नेऊन बसवलं.

ओरडून सांगायला हवं होतं. सुनांनी, भावांनी, रस्त्यानं जाणाऱ्यांनी ऐकलं असतं तरी. आप्पा, विहीर उपसायला मी सांगितलं होतं. तुम्ही विचारलं होतं आणि बरोबर विचारलं होतं. ‘फेरफार नाही’ हे खोटं मी लिहिलं आणि वकिलांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसलो. तुमची मेंढरं फुटली नव्हती, आप्पा. मी फुटलो होतो. मला माफ करा.