गोलकीपरच्या डोळ्यांपुढचा जावई

माझ्या मामेसासऱ्यांनी माझ्याकडे जितकं बारकाईनं पाहिलंय, तितकं आजवर दुसऱ्या कोणीही पाहिलेलं नाही. माझ्या आईनं नाही, बघण्याच्या कार्यक्रमात बायकोनं नाही आणि लग्नाच्या सुटाच्या वेळी ज्याची टेप अपुरी पडली त्या शिंप्यानं तर नाहीच नाही. लग्न ठरवायला बायकोकडची मंडळी आली तेव्हा बाकीचे माझं शिक्षण, पगार, धायरीतल्या फ्लॅटचा मजला वगैरे विचारत होते. बायकोचे हे मामा मात्र कोपऱ्यात बसून, एक डोळा बारीक करून, मला न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, "जरा उभे राहता का?" मी राहिलो. "आता बाजू करून उभे राहा." तसाही राहिलो. मामांनी मान डोलावली. "उत्तम! यांच्या मागचं काही म्हणजे काही दिसत नाही." ते कौतुक आहे असं समजून सगळ्यांनी पोह्यांना हात घातला. पुढे कळलं की ते खरोखरच कौतुक होतं, आणि त्यांच्या पसंतीचं तेवढंच एक कारण होतं.

मामा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी फुटबॉलच्या मॅचेसना रेफरी असायचे. पुण्यात क्रिकेटबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण आणि फुटबॉलबद्दल मत असलेला त्याहून कठीण. मामांना तर फुटबॉलमधल्या एकाच नियमाच्या एकाच कोपऱ्याबद्दल मत होतं. पण ते असं होतं की त्यावर त्यांनी आयुष्य काढलं. पहिल्या दिवाळसणाला मी अनारसा तोंडात घातला आणि त्यांनी सुरुवात केली. "ऐका, जावईबापू. बचावाची फळी मागे टाकून एखादा खेळाडू गोलापाशी आधीच जाऊन उभा राहिला, तर तो ऑफसाइडला असतो. पण तिथं नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. त्याच्या संघातला दुसरा लांबून फटका मारतो आणि हा गोलकीपरच्या डोळ्यांच्या आणि चेंडूच्या मध्ये येतो, तेव्हा गुन्हा. मग त्यानं चेंडूला बोट लावलेलं नसलं तरी गोल रद्द." मला ते लगेच पटलं. नुसतं उभं राहणं हा गुन्हा असता तर ऑफिसनं मला केव्हाच घरी पाठवलं असतं. आड येण्याचं म्हणाल तर त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. नाटकाला गेलो की मागच्या रांगेतून आधी सुस्कारे येतात, मग जागा बदलल्याचे आवाज. कॉलेजच्या ग्रुप फोटोत माझ्या मागं दोन मित्र उभे आहेत, असं ते दोघं आजही शपथेवर सांगतात.

थोडक्यात, मामांना आयुष्यभर हवा होता तसा अडथळा भाचीनं घरात आणून दिला होता. त्यानंतर कुठल्याही मॅचमध्ये असा प्रसंग घडला की संध्याकाळी मामांच्या घरी त्याची तालीम व्हायची. सोफा म्हणजे गोल. मटार सोलत बसलेल्या मामी म्हणजे बचावाची फळी. ऑफसाइडला कायम मी. त्या जागेसाठी माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा विचारही कधी झाला नाही. आणि मामा स्वतः सोफ्यापुढे वाकून, हात पसरून, गोलकीपर व्हायचे. "चित्र काढताना आणि शिट्टी मारताना आधी डोळ्याची पातळी ठरवायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मी सहा फुटी. वाकलेल्या गोलकीपरचे डोळे चार फुटांवर. माझ्या उंचीला आडव्या आलेल्या माणसाची मान येते, तिच्या दोन्ही बाजूंनी सगळं दिसतं. त्याच्या उंचीला पोट येतं. मग मी ताठ उभं राहून त्याला काय दिसलं ते कसं सांगणार?" म्हणून मैदानावर चेंडू गोलाकडे निघाला की मामा गुडघ्यांवर हात ठेवून, कमरेत वाकून पळायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांचं काहीतरी पडलंय. एकदा एका प्रेक्षकानं विचारलंच, "मामा, काय हरवलं?" मामा वाकूनच पुढं गेले आणि जाताजाता म्हणाले, "तुमची अक्कल. सापडली की आणून देतो."

हे वाकणं त्यांनी मैदानापुरतं ठेवलं असतं तरी आम्ही निभावून नेलं असतं. पण माझ्याच लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तर मामा वाकून त्याच्या खालच्या कडेची उंची बघत होते. सोसायटीच्या कार्यक्रमात ते शेवटच्या रांगेत गेले, खुर्चीत बसलेल्या एका आजींच्या डोळ्यांइतके खाली झाले, मंचाकडे बघितलं, आणि तडक पुढं येऊन चालू भाषणात अध्यक्षांना खुर्चीसकट दोन हात डावीकडे सरकवलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, हे काय चाललंय?" मामा म्हणाले, "तुमचं चालू द्या. आजींना पुढचा नाच दिसायला हवा."

तर अशा या मामांकडे गेल्या हिवाळ्यात चाळिशी ओलांडलेल्यांच्या स्पर्धेची फायनल आली. मैदान सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला. एकीकडे मार्केट यार्डातले आडते, दुसरीकडे एका आयटी कंपनीतली मंडळी. मॅच संपत आली होती, बरोबरी होती, आणि आडत्यांपैकी एकानं लांबून जमिनीलगत फटका मारला. त्या वेळी त्यांचा एक कांद्याचा व्यापारी, आकारानं साधारण माझ्याएवढा, गोलकीपरच्या पुढ्यात बाजू करून निवांत उभा होता. गोलकीपर हललाच नाही. चेंडू आत. मामांनी गोल दिला.

आयटीचा कॅप्टन धावत आला. "सर, क्लिअर ऑफसाइड आहे! व्ह्यू पूर्ण ब्लॉक होता!"

व्यापाऱ्यानं दोन्ही हात वर केले. "म्या काय केलं? म्या नुसता हुबा हुतो. पायबी हलवला न्हाय."

"उभं राहणं गुन्हा नाही," मामा म्हणाले. "त्याला चेंडू दिसत होता. गोल." आडत्यांनी कप टेम्पोत घातला आणि वाजतगाजत नेला.

गोष्ट तिथंच संपली असती, पण आयटीवाल्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ स्पर्धेच्या चिटणिसांना पाठवला. व्हिडिओ बाजूनं काढलेला. व्यापारी कुठं, कसा उभा होता ते त्यात छान कळत होतं. गोलकीपरच्या डोळ्यांना काय दिसलं ते बाजूनं कळणार कसं? स्पर्धेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र 'मामांचं वय झालं आता' अशी कुजबुज सुरू झाली. ती मामांच्या कानावर आली आणि म्हातारा पेटला. त्यांनी चिटणिसांना फोन लावला. "येत्या रविवारी सगळे मैदानावर या. तालीम घेऊ. माझं चुकलेलं निघालं, तर शिट्टी खाली ठेवीन. निकाल बदलणार नाही, रेफरी बदलेल."

शनिवारी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "जावई, उद्या जरा सांभाळून घ्या हो. शिट्टी गेली तर हे दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांच्या फळीची पातळी बघत बसतील." हसत हसत म्हणाल्या, आणि मग एकदम हसू थांबवून म्हणाल्या, "रविवार येणार असतो म्हणून हे बाकीचे दिवस काढतात." मी काय सांभाळणार, कप्पाळ! माझ्याकडे ना शब्द, ना ओळख. माझ्याकडे होतं ते एक पोट.

रविवारी व्यापाऱ्याला सवड नव्हती. मामा म्हणाले, "अडत नाही. आमचे जावई आहेत. उन्नीस-बीसचाही फरक नाही." व्हिडिओ बघून कॅप्टननं जागा ठरवली, चुन्याची खूण केली आणि मी तिच्यावर बाजू करून उभा राहिलो. जिथून फटका बसला तिथं चेंडू ठेवला. चिटणीस गोलात जाऊन वाकले. आणि त्या क्षणी मला माझ्या आयुष्याचं कार्य गवसलं. मी श्वास ओढला आणि पोट आत घेतलं. असं घेतलं की लग्नाच्या फोटोतही घेतलं नव्हतं. पट्टा कमरेवरून सैल झाल्याचं मला कळलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण मी हूं की चूं केलं नाही.

"दिसतोय की!" चिटणीस म्हणाले. "अगदी कडेनं, पण दिसतोय."

कॅप्टनचं तोंड पडलं. मला वाटलं, जिंकलो. श्वास रोखून रोखून कान वाजायला लागले होते, तरी मनातून काय आनंद झाला म्हणून सांगू! बायकोच्या माहेरचं कुठलंही काम माझ्या हातून धड झाल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

मग मामा गोलाकडे आले. त्यांनी एका हातानं गोलपोस्ट धरली आणि हळूहळू, ओठ आवळून, खाली झाले. सोफ्यापुढं सहज वाकणाऱ्या या माणसाला खांब धरावा लागला, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. चिटणिसांच्या शेजारून त्यांनी एक डोळा बारीक केला. बराच वेळ बघितलं.

"जावईबापू, पोट सोडा."

"अहो मामा, हे असंच असतं..." एवढं बोलायला लागलेला श्वास मला परवडणारा नव्हता.

"इतकी वर्षं मी या पोटामागून बघतोय. त्याची कड मला पाठ आहे. सोडा."

मी सोडलं.

"आता?" मामांनी विचारलं.

चिटणीस आणखी थोडे वाकले. मग हळूच म्हणाले, "नाही दिसत."

मामा तसेच खाली होते. कॅप्टनकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी गुडघा फार दुखत होता. वाकलो नाही मी. उभ्यानं बघितलं. मला सगळं स्वच्छ दिसलं." बिचारा कॅप्टनच कावराबावरा झाला. "सर, जाऊ दे ना, एका मॅचचं काय एवढं!" पण मामांनी गळ्यातली शिट्टी काढून चिटणिसांच्या हातात दिली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हात द्या." मी त्यांना उठवलं. परतीच्या वाटेवर रिक्षात आम्ही दोघं एका सीटवर बसलो, म्हणजे मी बसलो आणि मामा उरलेल्या जागेत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. काय बिघडलं असतं कडेनं दिसला असता तर? मी तसं म्हणालोही. मामा म्हणाले, "तुम्ही चांगलं धरलं होतंत. मला शंभरदा वाटलं, बघूच नये."

त्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ते हॉलमध्ये खुर्चीत बसतात. समोर टीव्हीवर आवाज बंद करून मॅच चालू असते. गोलापाशी गर्दी होते, चेंडू आत जातो, सगळे खेळाडू रेफरीवर धावून जातात, पण मामा मला उभं राहायला सांगत नाहीत. लोकांना खरं वाटणार नाही, पण मला त्या तालमींची फार आठवण येते. अख्ख्या जगात मी जिथं बरोबर जागेवर असायचो असं तेच एक ठिकाण होतं.

परवाच्या रविवारी दुपारी मी गेलो आणि मुद्दामच टीव्हीपुढं जाऊन उभा राहिलो. बाजू करून. म्हटलं, ओरडतील, निदान 'ऑफसाइड' तरी म्हणतील. काही नाही. डोळे मिटलेले. मामी आतून म्हणाल्या, "बसा की जावई, उभे काय?" मी ओशाळलो आणि सरकलो. तशी टीव्हीशेजारच्या गॅलरीच्या दारातून उन्हाची तिरीप थेट मामांच्या तोंडावर आली.

"हलू नका," मामा म्हणाले.

"मी मधे आलो की तुम्हाला टीव्ही दिसत नाही ना, मामा."

"टीव्ही मरू दे. ऊन येतंय डोळ्यांवर." त्यांनी एक डोळा उघडला, बारीक केला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जरा डावीकडे. हं. आता पोट सोडा."

मी सोडलं. मामांचा चेहरा पूर्ण सावलीत आला आणि थोड्याच वेळात ते घोरायला लागले. मामी चहा घेऊन आल्या, तो मी उभ्यानंच प्यायलो.