कॅमेरा आधीच सुरू होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सरळ सांगता येईल की नाही — बघू.

टीव्हीवर तो कार्यक्रम लागतो ना, लोकांच्या फजितीचा? कुणी लग्नात घसरतो, कुणी झोपाळ्यासकट खाली येतो, आणि मागून हशा. घरातले पोट धरून हसतात. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठतो. मला एकच दिसत राहतं — माणूस पडायच्या आधीपासून कॅमेरा सुरू असतो. का असतो? तो धरणाऱ्याला काय ठाऊक असतं?

त्या कार्यक्रमात माझा थोरला भाऊही दाखवला होता. दादा. शूटिंग मी केलेलं. पाठवलंही मीच.

दादा जहाजावर होता. सुट्टीवर आला की कोकणात, पावस गावाला आमच्या घरी नुसती जत्रा — परदेशी चॉकलेटं, अत्तरं, दर्याच्या गोष्टी. आंब्याची बाग मी बघायचो. फवारणी, राखण, काढणी, सगळं. त्या वर्षी ऐन काढणीत तो बागेत आला. गडी पेट्या घेऊन रस्त्यावर गेलेले. दादा वर बघत म्हणाला, "बाग काय रे, कुणीही सांभाळील! थांब, आज मीच चढतो."

इतकंच. वाईट मनानं बोलला नव्हता तो. पण मला — लागलं का? हो, लागलं.

तो जुन्या कलमावर चढला आणि उजवीकडच्या फांदीकडे सरकू लागला. त्या फांदीला खोडकिडा लागलेला. भोकातून भुसा पडताना मी रोज बघत होतो. गड्यांना, "तिकडे पाय देऊ नका," असं मीच बजावलेलं.

एक शब्द पुरे होता. "नको." तोंड उघडलं नाही. हात मात्र खिशात गेला, मोबाईल निघाला. खाली पेट्यांत घालायचा पेंढा आहे, जरासा आपटेल, जरासा माज उतरेल... खरं सांगू? मी वाट बघत होतो.

फांदी मोडली. दादा पेंढ्यात उताणा, पाय वर, अंगावर टपाटप आंबे. हसण्यासारखंच होतं ते. खांदा शेजारच्या गडग्यावर, बागेच्या दगडी कुंपणावर आपटला — तेवढं शूटिंगमध्ये आलं नाही.

माझ्या हातातला मोबाईल बघून तो पडल्यापडल्याच म्हणाला, "घेतलंस काय रे?"

मी त्याच दिवशी क्लिप पाठवून दिली. पुढे सूज उतरली, पण हात खांद्याच्या वर जाईना. जहाजाच्या मेडिकलमध्ये तो नापास झाला. मुंबईहून परतला त्याच आठवड्यात क्लिप टीव्हीवर लागली. अख्खी वाडी आमच्या पडवीत. सगळ्यांत मोठ्यानं दादाच हसला. आई म्हणाली, "फांदी पोकळ होती, कुणाला माहीत!" दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्याला तरी काय माहीत असणार?"

तेव्हा तरी बोलायचं. मी हसलो.

दादा पुन्हा दर्यावर गेला नाही. आता बाग आम्ही दोघं बघतो. नवा गडी आला की तो त्याला माझ्याकडे पाठवतो. "आधी माझ्या भावाला विचार. तो म्हणेल त्याच फांदीवर पाय ठेव."

गडी येऊन विचारतो. मी सांगतो. बाजूला दादा खांदा चोळत उभा असतो, मान डोलवत ऐकतो.