विमा काढणाऱ्यांचं आयुष्य

घरात तिला सगळे चित्रगुप्त म्हणत. हे नाव मोठ्या भावाने ठेवलेलं. ती अ‍ॅक्च्युअरीची पहिली परीक्षा पास झाली, तेव्हा त्याने विचारलं होतं, "म्हणजे नेमकं करणार काय तू?" तिने सांगितलं, कुठल्या वयाची माणसं साधारण आणखी किती जगतात याचा अंदाज बांधायचा, आणि त्यावरून विम्याचा हप्ता नि पेन्शन ठरवायचं.

"म्हणजे चित्रगुप्ताचीच नोकरी की! वरचा आहे तो बिनपगारी राबतो, तुला पगार तरी देतील ना?"

भाऊ फाउंड्रीत, भट्टीवर. वडील लवकर गेले, त्यामुळे तिच्या शिक्षणासाठी रात्रपाळ्या मागून घेणारा तोच. आता ती पन्नाशी ओलांडलेली, विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर. आणि कंपनीतून सुटली की अ‍ॅक्च्युअरींच्या संस्थेत मात्र चित्रगुप्तासारखीच बिनपगारी राबायची.

संस्थेची एक धोरण समिती होती. सरकार पेन्शन किंवा विम्याचा कायदा करायला निघालं, की त्याचे परिणाम काय होतील याचं टिपण ही समिती पाठवायची. "हे करा, ते करू नका" असं संस्था कधीच म्हणायची नाही. केलंत तर काय होईल, एवढंच सांगायचं, हा दंडक. आणि ज्याने टिपण लिहिलं नाही अशा सभासदाने ते तपासून सही केल्याशिवाय कागद दाराबाहेर जायचा नाही.

या खेपेला विधेयक होतं निवृत्तीचं वय साठवरून त्रेसष्ट करण्याचं. त्यात अंगमेहनतीच्या कामांसाठीही एक कलम होतं. टिपण लिहिलं होतं सरांनी, म्हणजे समितीच्या प्रमुखांनी. तिला या धंद्यात बोट धरून चालायला शिकवणारा माणूस. तपासून सही केली होती तिने. टिपणाचं सार असं, की साठी गाठलेला माणूस सरासरी ऐंशी पार करतो, तेव्हा तीन वर्षं उशीर झाला तरी पेन्शन खायला भरपूर आयुष्य उरतं. सोमवारी कायदेमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होती.

शनिवारी भावाने तिला फाउंड्रीत बोलावलं. त्याच्या भट्टीवरच्या जोडीदाराचा निरोप समारंभ होता. पुढच्या महिन्यात पाळी भावाची. पण विधेयक पास झालं तर वाचला. वहिनी गेल्यापासून त्याला सुट्टीचा दिवससुद्धा खायला उठायचा. "तुमचा कायदा एकदाचा होऊ दे गं," तो म्हणायचा, "घरी बसून भिंतींशी गप्पा मारू का?"

फाउंड्रीची एक रीत होती. निरोपाच्या वेळी पहिली रांग आधी निवृत्त झालेल्यांची. खुर्च्या मांडून झाल्या, चहा फिरला, साहेब बोलायला उभे राहिले, तरी पहिल्या रांगेत तिघेच म्हातारे.

ती भावाच्या कानाशी लागली. "बाकीचे यायचेत का अजून?"

"कुठून येणार? तुझ्याच खात्यात जमा झालेत ते," भाऊ हसला आणि हसता हसता खोकत सुटला.

तिच्या हातातला चहा तसाच निवला.

रविवारी सकाळी तिने टिपणाची मागची पानं उघडली. आयुर्मानाच्या ज्या कोष्टकावर सगळं उभं होतं, ते विमा कंपन्यांच्या ग्राहकांचं होतं. विमा काढणारी माणसं म्हणजे कोण? ज्यांच्याकडे चार पैसे शिल्लक राहतात, ज्यांची आधी डॉक्टरी तपासणी होते, जी बहुतेक खुर्चीत बसून काम करतात. ती जास्त जगतात, हे तर अ‍ॅक्च्युअरीच्या पहिल्या इयत्तेतलं. पण वर्षानुवर्षं एकाच कोष्टकात डोकं घातलं, की ते सगळ्या माणसांचं वाटायला लागतं. विमा कंपनीत हयात घालवलेल्यांकडूनच व्हावी अशी चूक. सरांकडून झाली, आणि तिच्या नजरेतूनही सुटली.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. आडपडदा न ठेवता सांगितलं. "दादा, उद्या मी ही चूक सांगितली तर तुमच्यासारख्यांचं निवृत्तीचं वय वाढणं थांबेल, असं वाटतं."

"मग नको सांगूस."

"अरे, भट्टीवरची माणसं पेन्शन न बघताच..."

"ती गेली त्यांच्या नशिबाने. मी ठणठणीत आहे."

"हा खोकला?"

"खोकला काय, तू लहान होतीस तेव्हापासून आहे." तो उठून खिडकीपाशी गेला. "आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं?"

"नाही."

"आता मागतोय. गप्प बस."

ती उठून घरी आली.

सोमवारी सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सर आधीच येऊन बसले होते. तिने सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"कोष्टक चुकलंय, मान्य," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आज नको. सुनावणी होऊ दे. मागाहून पुरवणी पाठवू."

"मागाहून म्हणजे कायदा झाल्यावर, सर?"

"अगं, संस्थेचा शब्द आजवर कुणी खोडलेला नाही. तो आपणच खोडायचा, तोही भर समितीत? आणि तुझा भाऊ भट्टीवर. लोक म्हणतील, भावासाठी रडली."

"त्याला वय वाढायलाच हवंय."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडून शिपायाने आत बोलावलं.

समितीच्या अध्यक्षा थेट मुद्द्यावर येणाऱ्या होत्या. "तुमचं टिपण वाचलं. थोडक्यात, साठीनंतर माणसं वीस-बावीस वर्षं जगतात. बरोबर?"

सर घसा खाकरून राहिले. त्यांनी माइक जवळ ओढला नाही, तिच्याकडेही सरकवला नाही. तिनेच हात लांब करून तो घेतला.

"मॅडम, तो आकडा विमा काढणाऱ्यांचा आहे. भट्टीवरची, खाणीतली, गोदीतली माणसं त्यात नाहीत. त्यांना तो लावणं चूक आहे. टिपण तपासून सही मी केली होती, तेव्हा चूक माझीही आहे."

खोलीत कुजबुज झाली. कोपऱ्यातले एक सदस्य खुर्चीतून पुढे झुकले. "वा! म्हणजे इतके दिवस आम्ही काय वाचत होतो? आणि ही माणसं जगतात तरी किती?"

"आज सांगता येणार नाही. कुणाचं पेन्शन कधी बंद झालं, याच्या नोंदी सरकारच्या पेन्शन खात्याकडे आहेत. त्या मिळाल्या तर सांगू. आणखी एक. माझा सख्खा भाऊ भट्टीवर आहे. वय वाढलं तर त्याची नोकरी राहते, आणि त्याला ती हवी आहे. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

"म्हणजे तुम्ही भावाच्या विरोधात बोलताय?"

"मी कुणाच्याच बाजूने बोलत नाही, साहेब. आमच्या संस्थेत तशी मुभा नाही. काय होईल, एवढंच सांगायचं असतं."

"ते टिपण," सर अचानक बोलले, "संस्था परत घेते आहे." ते तिच्याकडे न बघता अध्यक्षांकडेच बघत होते.

अध्यक्षांनी अंगमेहनतीच्या कामांचं कलम नोंदी हाती येईपर्यंत बाजूला ठेवलं. तोवर तरी त्या माणसांपुरतं निवृत्तीचं वय साठच राहणार होतं.

बाहेर येऊन जिन्यात उभ्या उभ्याच तिने भावाला फोन लावला. पलीकडे फाउंड्रीचा धडधडाट होता.

"बोललीस?"

"बोलले."

धडधडाट मागे पडत गेला. तो बहुधा शेडच्या बाहेर आला असावा.

"मग आता पुढच्या महिन्यापासून मी उठून करायचं काय, तेही सांग. येतं का तुमच्या गणितात?"

"नाही येत, दादा."

"मला वाटलंच."

"मी येऊ संध्याकाळी?"

"नको."

त्याने फोन मात्र ठेवला नाही. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, मधेच घरघरणारा, आणि तिनेही फोन कानापासून काढला नाही.