पायांत चाकं, हातांत काठ्या

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत हा रत्नागिरीकडचा पोरगा मला रोज सकाळी दिसायचा. पायांना चाकांच्या लांब पट्ट्या बांधून, दोन काठ्या रेटत, भर उकाड्यात बर्फावरच्या शर्यतीचा सराव! काठ्या बघून ओमानी म्हाताऱ्यांना वाटे, बिचारा अधू आहे. ते गाडी थांबवत आणि "यल्ला, चल, बस गाडीत" म्हणत. वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं त्याला जमत नसे. सरावाचे दहा किलोमीटर कधी पुरे झालेच नाहीत.

तो बर्फावरच्या शर्यतीहून परतल्यावर मी त्याला विचारलं, "काय झालं रे?"

"शेवटचा आलो, चाचा," तो खुशीत म्हणाला. "पण पुरे दहा किलोमीटर गेलो! तिथं कुणी थांबतच नाय."

मग त्याने काठ्या मांडीवर घेतल्या आणि सीटबेल्ट लावला. गाडी माझीच होती.