म्हाताऱ्या पोस्टमनच्या मानेवरचा डाग
चिंचेच्या भाताचा वास आला की मला अजूनही त्या दोघांचा राग येतो. अंबत्तूरच्या ऑफिसात आम्ही तिघं रोज एकाच टेबलावर जेवायचो. एक इथल्याच तंजावर मराठी घरातला, झॉम्बींच्या एका कॉमिकचा भक्त. दुसरा माझ्यासारखाच महाराष्ट्रातून आलेला, त्याच कॉमिकवरून काढलेल्या टीव्ही मालिकेचा भक्त. गोष्टीतला म्हातारा पोस्टमन झॉम्बी चावल्यामुळे मरतो की गोळी लागून, यावरून त्यांनी तीन आठवडे माझ्या जेवणाची माती केली. "अय्यो, मूळ पुस्तक आहे रे माझ्याकडे!" "मग आण की, नुसतं बोलतोस काय!" शेवटी एका दुपारी प्लॅस्टिकच्या कव्हरातून ते पुस्तक निघालं, आणि चित्र बघूनही दोघं हटेनात. "आता तूच सांग, मानेवर चावा आहे का नाही?" मी ते ना वाचलेलं, ना पाहिलेलं. वैतागून म्हटलं, "आणा इकडे," आणि पान ओढलं. माझा चिंचेच्या भाताच्या तेलाने पिवळाधमक झालेला अंगठा नेमका पोस्टमनच्या मानेवर उमटला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं: उष्ट्या हाताने पुस्तकाला कोणी शिवतं का? पुस्तकाच्या मालकाने तर ते पोथीसारखं डोळ्यांना लावलं. दुसऱ्या दिवसापासून दोघं पलीकडच्या टेबलावर बसून, डागाखाली काय होतं यावर मजेत भांडू लागले. अजून भांडतात. आणि मी मूर्ख, चिंचेचा भात आजही तिघांना पुरेल एवढा करून नेते.